पहिली फुल-फ्रेम मिररलेस कोणत्या गिऱ्हाइकासाठी, हे कशावरून ओळखायचं?

एखादी कंपनी पहिली फुल-फ्रेम मिररलेस बॉडी (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेला, आत आरसा नसलेला कॅमेरा) आणते तेव्हा सगळी चर्चा मेगापिक्सेलभोवती फिरते. गिऱ्हाईक कोण, हे सेन्सरवरून फारसं कळत नाही. आधी अडॅप्टर, म्हणजे जुन्या लेन्स नव्या बॉडीवर बसवणारा जोड, बघावा, मग पहिल्या खेपेच्या लेन्स, मग कार्डाचे स्लॉट.

२०१८ चं उदाहरण घ्या. २३ ऑगस्टला निकॉनने झेड६ आणि झेड७ जाहीर केले. निकॉनच्या जुन्या एफ माउंटचं (लेन्स बसते ती जागा) सेन्सरपासूनचं अंतर, म्हणजे फ्लँज अंतर, ४६.५ मिमी, नव्या झेडचं १६ मिमी, मधले ३०.५ मिमी एफटीझेड अडॅप्टर भरून काढतो. अ‍ॅपर्चरचा खटका हलवायची सोय त्यात आहे, फोकसची मोटर नाही. स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सच्या माउंटवर खाच असलेला छोटा स्क्रू दिसतो. डी७५० सारख्या आरसा असलेल्या निकॉन बॉडीतली मोटरची दांडी त्या खाचेत बसते आणि लेन्स फिरवते. एफटीझेडमध्ये ती दांडीच नाही. त्यामुळे ८०-२०० एफ/२.८ डी लावली तर मीटरिंग (प्रकाश मोजणं) चालतं, फोकस मात्र हातानेच करावा लागतो.

म्हणजे डोळ्यासमोर होता तो एएफ-एस (आत मोटर असलेल्या) लेन्स बाळगणारा जुना निकॉनवाला, त्यातही निसर्ग आणि प्रवासाचे फोटो काढणारा हौशी. सोबतच्या लेन्सही तेच सांगत होत्या: २४-७० एफ/४, ३५ आणि ५० एफ/१.८. सगळ्या हलक्या. लग्नाची कामं घेणारा यात नव्हताच, कारण एक्सक्यूडी कार्डाचा स्लॉट एकच. कार्डाने दगा दिला तर अंतरपाट दुसऱ्यांदा धरता येत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या सोनी ए७ थ्रीमध्ये, जवळपास झेड६ च्याच किमतीत, दोन स्लॉट होते. निकॉनने दुसरा स्लॉट दिला तो २०२० च्या झेड६ टू आणि झेड७ टूमध्ये.

कॅननचं कोडं जास्त रंजक आहे. त्याच्या जुन्या ईएफ लेन्समध्ये १९८७ पासून मोटर लेन्सच्याच पोटात असते. त्यामुळे ईओएस आर या त्याच्या पहिल्या फुल-फ्रेम मिररलेसचा साधा अडॅप्टर म्हणजे संपर्कबिंदू असलेली २४ मिमीची पोकळ नळी. एकही ईएफवाला बाहेर राहत नाही. पण बॉडीत एकच एसडी स्लॉट, हात हलला तरी सांभाळून घेणारं सेन्सर स्थिरीकरण नाही, फोर-के व्हिडिओत सुमारे १.७ पट क्रॉप (कडा कापल्या जाणं). आणि सोबत २८-७० एफ/२, ५० एफ/१.२ अशा व्यावसायिकांच्या वजनदार लेन्स! ही विसंगती दिसली की समजावं, लेन्स पुढच्या बॉडीसाठी आहेत. ती बॉडी, आर५, जुलै २०२० मध्ये आली: दोन स्लॉट, स्थिरीकरणासह. म्हणून पहिली बॉडी आजचं गिऱ्हाईक सांगते आणि पहिल्या लेन्स उद्याचं, असं माझं ठाम मत आहे.

पॅनासॉनिकला असं जुनं गिऱ्हाईक सांभाळायचं नव्हतं. त्याच्या आधीच्या, लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यांच्या लेन्सचं प्रतिमावर्तुळ (लेन्स सेन्सरवर पाडते ते गोल चित्र) फुल-फ्रेमला पुरतच नाही. म्हणून २०१९ चा एस१ दोन स्लॉट, फोर-के ६०पी आणि किलोभर वजन घेऊन थेट व्हिडिओवाल्यांकडे गेला.

किंमत शेवटी बघावी, पण बॅटरीसह. फेब्रुवारी २०१९ चा कॅनन ईओएस आरपी १,२९९ डॉलरला आला, तोही एलपी-ई१७ ही लहान बॅटरी घेऊन. हीच बॅटरी कॅननच्या ७७डी आणि ८००डी या एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमहून लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यांत असते. एपीएस-सीवरून वर चढणाऱ्याच्या घरात तिचा चार्जर आधीच असतो.