पारगम्यतेचा आकडा मागणाऱ्यांना

"या कोळशाची पारगम्यता किती? एकच आकडा द्या." तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो. पारगम्यता म्हणजे कोळशातून वायू किंवा पाणी किती सहज वाहतं त्याचं माप.

आकडा आहे, पण कोणत्या दाबाला? जमिनीखालच्या कोळशातून मिथेन वायू काढण्यासाठी थरातलं पाणी उपसून दाब उतरवला की वरच्या खडकांचं ओझं कोळशातल्या भेगांवर येतं, त्या मिटू लागतात. भेगेची रुंदी निम्मी झाली तर प्रवाह एक-अष्टमांशावर येतो. पण दाब उतरला की कोळशाला चिकटलेला मिथेनही सुटतो, कोळसा आकसतो आणि त्याच भेगा रुंदावतात. अमेरिकेतल्या सान हुआन खोऱ्यात गॅस निघत गेला तशी पारगम्यता काही पटींनी वाढली. सगळीकडे तसं होत नाही.

एका कोअरवर (थरातून कापून काढलेल्या कोळशाच्या नळकांडी नमुन्यावर) बाहेरचा दाब कायम ठेवून आम्ही आतला मिथेनचा दाब टप्प्याटप्प्यानं उतरवला. प्रत्येक टप्प्याला थांबावं लागतं, कोळसा मिथेन सावकाश सोडतो. पारगम्यता उतरत गेली आणि शेवटी, अगदी कमी दाबाला, वर वळली. ज्यांच्यासाठी चाचणी होती ते म्हणाले, हा भाग गाळा. कमी दाबाला वायू भेगांच्या भिंतींवरून निसटतो, म्हणून पारगम्यता नुसती जास्त दिसते, हे क्लिंकेनबर्ग या संशोधकानं 1941 मध्येच दाखवलंय. मान्य. पण त्याच कोअरमधून आम्ही हेलियमही सोडला होता. तो कोळशाला जवळजवळ चिकटत नाही आणि भिंतींवरून मिथेनपेक्षा जास्त निसटतो. वाढ नुसती निसटण्याची असती तर आलेखावर हेलियमची रेघ आणखी वर गेली असती. ती खालीच राहिली. हे सगळं मी त्यांच्यासमोर मांडलं. तरी अहवालात फक्त सुरुवातीच्या टप्प्यांची सरासरी गेली. ते अजून सलतं.

विहीर घ्यायची की नाही हे ठरवणाऱ्याला काहीतरी आकडा धरावाच लागतो, हे मला कळतं. पूर्वी मी ठासून म्हणायचो, धीर धरा, आकसणं शेवटी जिंकतं. आता तसं म्हणवत नाही. कोळशाची भुकटी भेगांत अडकते, तेव्हा आकसण्याचा फायदा बुडतो. उलट, जमिनीखाली कोळसा आकसला की आडवा दाबही उतरतो; आमच्या यंत्रात तो कायम होता. म्हणजे थरातली वाढ आमच्या रेघेपेक्षा मोठीही असू शकते. ते वळण थरात कोणत्या दाबाला येईल, हे एका कोअरवरून सांगता येत नाही. त्यासाठी विहीर चालू असताना तिचा दाब मोजत राहावं लागेल, आणि त्याला खर्च येतो.