तळ्याकाठी तंबू, पण गाडी लांबच

परवा ग्रुपवर कोणीतरी वाळवंटातल्या एका तळ्याचा फोटो टाकला आणि दहा मिनिटांत ट्रिप ठरली पण. आमच्यात ठरायला वेळ लागत नाही, निघायला लागतो. फोटोत निळंशार पाणी, मागे वाळूच्या टेकड्या आणि अगदी पाण्याला टेकून उभी केलेली फोर बाय फोर. सगळे फोटोवर फिदा, माझं लक्ष मात्र त्या गाडीच्या चाकांवर, की ही बया तिथून नंतर बाहेर आली का?

कारण मागच्या खेपेला हा शहाणपणा मीच केला होता. लांबून बघितलं तर तळ्याचा काठ एकदम सपाट, पांढरा, कॅरम बोर्डसारखा. टेकड्या चढून उतरून हात भरून आले होते, म्हटलं आता इथून सरळ मारू. पन्नासेक मीटर मस्त गेली गाडी आणि मग खालून कर्रर्र असा आवाज, पुढचं डावं चाक खचलं, मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला (दाबायचा नसतो, माहिती होतं, तरी दाबला) आणि दोन मिनिटांत गाडी पोटावर बसली. दार उघडून पाय खाली ठेवला तर वर बोटभर मिठाचा थर आणि खाली काळा, वास मारणारा चिखल. दुधावरच्या सायीसारखा प्रकार, साय फाटली की संपलं. माझी एक चप्पल आत गेली ती आजपर्यंत तिथेच आहे. गाडी काढायला साडेचार तास लागले, कारण दुसरी गाडी ओढायला जवळ आणावी तर तीही बसणार.

नंतर वाचत बसलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वाळवंटातल्या बऱ्याच तळ्यांना पाणी बाहेर जायला वाटच नसते. पाणी येतं, उन्हाने उडून जातं, मीठ मागे राहतं आणि काठ दर मोसमाला पुढेमागे सरकत राहतो. त्यामुळे मॅपवर जिथे निळी रेघ संपते तिथे काठ असेलच असं नाही आणि सॅटेलाइट फोटो कुठल्या महिन्यातला आहे हे आधी बघायला लागतं. ऑस्ट्रेलियातल्या लेक एअरच्या सुकलेल्या मिठावर डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या ब्रिटिश रेसरने १९६४ साली ताशी ४०३ मैलांचा, गाडीच्या वेगाचा रेकॉर्ड केला, पण त्याच्या आदल्या वर्षी पाऊस पडून तिथेच त्यांचा सगळा बेत बोंबलला होता. आपण तर टेंट आणि गाद्या घेऊन जाणारी माणसं.

म्हणून ह्या वेळी रूट मी उलटा आखलाय. गाडी कुठपर्यंत न्यायची हे आधी, बाकी सगळं नंतर. तळ्यापासून चांगलं लांब, जरा उंचावर, खडी आणि घट्ट वाळू असलेली जागा सॅटेलाइट फोटोत शोधून ठेवलीय, गाड्या तिथेच थांबणार. पांढरा किंवा गडद ओलसर पट्टा दिसला की एकाने उतरून पुढे चालत जायचं, टाचेने दाबून बघायचं, काठी खुपसून बघायची. काठी सहज आत गेली की गाडी मागे, चर्चा नको. दुसऱ्या गाडीच्या चाकोऱ्या दिसल्या म्हणूनही जायचं नाही, ती कोरड्या दिवसांत गेलेली असू शकते.

वाळूचं त्यामानाने सोपं आहे. टायरची हवा उतरवायची, एवढं केलं तरी अर्धं काम झालं. रोडवर ३२-३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असते ती १५-१८ वर आणायची, म्हणजे टायर लांबट पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं. फार उतरवली तर मात्र जोरात वळताना टायर रिममधून सुटतो. ही युक्ती काही आजची नाही बरं का, राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश ऑफिसर १९२०-३० च्या दशकांत साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात फिरायचा, तोही हवा कमी करून चालवायचा, रुतली की चाकाखाली लोखंडी पत्रे सरकवायचा आणि रेडिएटरची वाफ डब्यात थंड करून तेच पाणी परत वापरायचा. आपल्याकडे आता प्लॅस्टिकचे रिकव्हरी बोर्ड आलेत एवढाच काय तो फरक. थांबताना ब्रेक मारू नका, चाकापुढे वाळूचा ढीग होतो, गाडी आपोआप थांबू द्या, शक्यतो उताराकडे तोंड करून. आणि ओढायचा दोर टो बॉलला (ट्रेलर जोडायचा मागचा लोखंडी गोळा) कधीच अडकवायचा नाही, तो गोळा तुटून बंदुकीच्या गोळीसारखा उडतो, माणसं गेलीत त्याने. दोर ताणला की सगळ्यांनी लांब.

पाण्याचा हिशोब माणशी दिवसाला ५ लिटर नुसतं प्यायला आणि वर एक अख्खा दिवस जास्तीचा धरलाय. एक जण म्हणे, अरे पण तिथे तळं आहे ना! भाऊ, ते खारट आहे. डिझेलही नेहमीच्या हिशोबाच्या दीडपट ते दुप्पट, वाळूत गाडी पितेच.

टेंट पाण्यापासून निदान ६० मीटर तरी लांब. एकतर डास, दुसरं म्हणजे पहाटे प्राणी पाण्यावर येतात, त्यांच्या वाटेत आपण पाय पसरून झोपायचं कशाला. सुकलेल्या ओढ्यात तर अजिबात नाही, पाऊस कुठेतरी लांब पडतो आणि लोंढा आपल्याकडे येतो, कारण तळं म्हणजे सगळ्यात खालची जागा. वाळूत खुंट्या टिकत नाहीत, पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधायची आणि हातभर खोल पुरायची, मग वारा कितीही येऊ दे. आणि शेकोटीचे निखारे वाळूखाली झाकू नका, वरून काही दिसत नाही आणि सकाळी कोणाचा तरी पाय भाजतो. पाणी ओतून विझवा.

निघायचं पहाटे. सूर्य खाली असला की सावल्यांमुळे टेकडीची धार दिसते, भर दुपारी सगळं एकसारखं दिसतं आणि पलीकडचा खड्डा कळत नाही. घरी एकाला परत यायची वेळ सांगून ठेवलीय, तेवढ्या वेळात फोन नाही आला तर शोध सुरू.

फोटो टाकणारा अजून विचारतोय की निदान पाच मिनिटं तरी गाडी पाण्याजवळ नेऊ, फोटोपुरती. त्याला म्हटलंय, तू चालत जा, आम्ही वरून तुझा फोटो काढतो. राहिला एकच प्रश्न, कंप्रेसर, म्हणजे उतरवलेली हवा परत भरायचा पंप. तीन गाड्या, बारा चाकं आणि कंप्रेसर एक, तोही मागच्या वेळी तिसऱ्या टायरला गरम होऊन बंद पडलेला. आज रात्री खाली पार्किंगमध्ये चारही चाकांची हवा काढून परत भरून बघणार आहे, शेजारी बघतील तर बघू देत.