तुम्ही विचारलंत म्हणून: साध्या बीडीएसला, म्हणजे दातांच्या पदवीधर डॉक्टरला, दिव्यांग पेशंटचं काम कशाला शिकवायचं?

मी नागपुरात डेंटलच्या विद्यार्थ्यांना शिकवते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवरचा ताबा सुटणं), ऑटिझम, डाउन सिंड्रोम, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) अशा पेशंटचं काम मी प्रत्येकाकडून करून घेते. त्यावरून विद्यार्थ्यांचे पालक, कधी माझे सहकारीसुद्धा, एकच प्रश्न विचारतात. "मॅडम, अशा पेशंटसाठी बालदंततज्ज्ञ असतात, भूल देऊन काम करणारी मोठी हॉस्पिटलं असतात. बीडीएस करून तालुक्याला दवाखाना टाकणाऱ्या पोराला हे कशाला?"

त्यालाच तर सगळ्यात आधी हवं. गडचिरोलीतल्या एटापल्लीची किंवा गोंदियातल्या देवरीची आई लेकराला घेऊन नागपूरला 'मेडिकल'ला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पोचते, तेव्हा ती वाटेतल्या दोन-तीन दवाखान्यांतून परत फिरलेली असते. सगळीकडे उत्तर तेच, "हा तोंड उघडत नाही, याला नागपूरला न्या." दाढेची कीड लहान होती तेव्हा सिमेंट भरून भागलं असतं. मग मजुरी बुडवून येणं, पैशांची जुळवाजुळव आणि गाडीत बसायला घाबरणारं पोर, यात महिने जातात. इथे येईपर्यंत गालावर सूज आणि हिरडीला पू. आता भूल द्यायची, त्यासाठी तपासण्या, त्यासाठी नंबर, आणि शेवटी दात काढायचेच. ज्याला बोलता येत नाही तो दुखतंय हेही सांगू शकत नाही. तो जेवण टाकतो, रात्री जागतो, स्वतःच्या गालावर मारून घेतो आणि घरचे समजतात, हट्ट करून राहिला.

परत पाठवणारे डॉक्टर वाईट नसतात, त्यांना भीती असते. कॉलेजात असा पेशंट त्यांच्या हाताखालून गेलेलाच नसतो. अभ्यासक्रमात विषय आहे, बालदंतशास्त्राच्या पेपरात उत्तरही लिहून होतं. पण क्लिनिकमध्ये मुलांच्या डोक्यावर कोटा असतो: इतक्या फिलिंग, इतके दात काढले की सही मिळते. ऑटिझम असलेली मुलगी पहिल्या दिवशी नुसती चेअरवर बसली, दुसऱ्या खेपेला तिने आरसा हातात घेतला, तिसऱ्या खेपेला तोंड उघडलं, तर पहिल्या दोन दिवसांची सही कुणी द्यायची? मी देते. माझ्या मते सगळ्या कॉलेजांनी ती द्यायला हवी. नाहीतर हुशार विद्यार्थी अशा पेशंटपासून लांब राहायला आपसूक शिकतो.

जे शिकवते ते तसं अवघडही नाही. सेरेब्रल पाल्सीचा मुलगा चेअरवर बसला की नवा विद्यार्थी सवयीने बटण दाबून चेअर एकदम आडवी करतो. मुलगा दचकतो, हातपाय ताठ होतात, जबडा मिटतो. विद्यार्थी म्हणतो, "मॅडम, कोऑपरेट करत नाही." मी चेअर पुन्हा वर घ्यायला लावते. मग सावकाश, आधी सांगून, अर्धवटच मागे न्यायची, म्हणजे पाणी घशात जाऊन ठसकाही लागत नाही. गुडघ्यांखाली उशी. डोकं मधोमध, कारण मान एका बाजूला वळली की काही मुलांचा त्या बाजूचा हात आपोआप लांब होतो. डाव्या हाताने डोक्याला आधार द्यायचा. आरसा समोरच्या दातांमधून आत घातला तर तो चावणारच, म्हणून ओठाच्या कोपऱ्यातून, गालाला लागून आत जायचं. तोंड उघडं ठेवणाऱ्या ठोकळ्याला दोरा बांधलेला हवा, निसटला तर ओढून काढता येतो. थोड्या वेळाने अंग सैल पडतं. तो ताठरपणा म्हणजे नकार नव्हता, हे विद्यार्थ्याच्या हाताला तेव्हा कळतं. व्याख्यानातून ते मला कधीच पोचवता आलं नसतं.

विदर्भात शिकणाऱ्याला सिकलसेल तर यायलाच पाहिजे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात रक्ताचे आजारही, सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत. हे पेशंट चालत येतात, नीट बोलतात, त्यामुळे चटकन लक्षातच येत नाहीत. चंद्रपूरकडची एक मुलगी आली होती, "जबडा दुखून राहिला" म्हणत. कीड कुठेच नाही, एक्स-रे साफ. इंटर्न दाढ उघडून रूट कॅनॉल करायच्या तयारीत होता. सिकलसेलमध्ये जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा अडला तरी दाढ दुखल्यासारखंच दुखतं. उलट, कीड नसतानाही दाताची नस मरू शकते. म्हणून ड्रिल हातात घेण्याआधी थंड लावून नस जिवंत आहे का ते बघायचं आणि तिच्या फिजिशियनशी बोलायचं. तिचा दात जिवंत होता. ती दाढ वाचली. अशा पेशंटला नागपूरच्या मे महिन्यात ओपीडीच्या रांगेत तहानलेलं बसवू नये, हेही मी उपचारातच धरते. शरीरातलं पाणी कमी होणं, जंतुसंसर्ग, ताण, यांनी त्रास उसळू शकतो.

औषधांची चिठ्ठी वाचणं ही तितकीच मोठी गोष्ट. फिटसाठी फेनिटॉइन घेणाऱ्या मुलाच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. रात्री झोपताना दिलेलं गोड सिरप दात किडवतं. ज्याला एअरोटरचा, म्हणजे दात कोरायच्या ड्रिलचा, आवाज सहन होत नाही, त्याच्या किडीवर 38 टक्क्यांचं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावून कीड रोखता येते. ना ड्रिल, ना इंजेक्शन. किडलेली जागा काळी पडते, ते आईला आधी सांगावं लागतं. बहुतेक आया म्हणतात, "काळा होऊ द्या, दुखणं थांबू द्या." यातलं काय तालुक्याच्या दवाखान्यात होण्यासारखं नाही?

त्याच कायद्याच्या कलम 25 मध्ये सरकारी आणि खासगी दोन्ही दवाखान्यांत अडथळ्याविना प्रवेश आणि उपचारात प्राधान्य सांगितलं आहे. जिन्यावरच्या पहिल्या मजल्यावर दवाखाना टाकणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे जागा बघतानाच सांगते.

आणि तुमच्या घरात असं कुणी असेल, तर दवाखान्यात फोन करताना आधीच सगळं सांगा, सकाळची पहिली वेळ मागा. सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या न्या, आवडतं खेळणं न्या. घरी ब्रश करताना मागे उभं राहून त्याचं डोकं आपल्या छातीला टेकवा, हात स्थिर राहतो. त्याला स्वतः धरायचा असेल तर ब्रशच्या दांड्यावर सायकलची मूठ चढवा. आणि डॉक्टर "नागपूरला न्या" म्हणालेच, तर कीड रोखणारं औषध आज इथेच लावता येईल का ते विचारा, आणि तोंडात काय दिसलं ते कागदावर लिहून घ्या.