हयातीचा दाखला आणि बाबांचा फोन

नोव्हेंबर लागला की पेन्शनवाल्या घरांत हयातीच्या दाखल्यावरून (पेन्शनर जिवंत असल्याचा दरवर्षीचा पुरावा) कुरबुरी सुरू. आज सोसायटीच्या कट्ट्यावरही हाच विषय! (केंद्राच्या ८० पार पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो.) वयानं बोटांच्या रेषा झिजतात, यंत्र ठसा घेत नाही आणि वडील उगाच ओशाळतात. त्यापेक्षा घरीच फोनवर चेहरा दाखवून दाखला देण्यासाठी ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही ॲप्स घ्या. पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, पेन्शनचं खातं, आधार जवळ हवं. चेहऱ्यावर उजेड, पाठीमागे खिडकी नको.

फोन मात्र त्यांच्याच हातात राहू द्या. ‘द्या इकडे, तुम्हाला नाही जमणार’ म्हणत हिसकावला की बिनसलंच. आकडे त्यांनी वाचावेत, तुम्ही टाइप करा. पीपीओचा एक आकडा चुकला तरी दाखला फेटाळला जातो. एसएमएसने आलेला प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा नंबर, डायरीत लिहा आणि आठवड्याभरात बँकेत नोंद झाली का, ते त्यांनाच विचारू द्या.