दंड किती पडतो?

पोटापाण्यासाठी मी लोकांचे हिशेब तपासतो आणि जीव रमतो फुटबॉलमध्ये. त्यामुळे ऑफिसात आर्टिकलशिप करणारी पोरं असोत, नाहीतर कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायरीवर शेजारी येऊन टेकलेला कुणी असो, प्रश्न ठरलेला असतो: "एवढाले दंड होतात त्या युरोपातल्या क्लबांना, तरी ते सुधारत कसे नाहीत? दंडाचा काही उपयोग होतो का नाही?" दरवेळी चहा संपेपर्यंत जमेल तेवढं सांगतो आणि उरलेलं तसंच राहतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी बसून लिहितोय.

आधी माझ्या एका अशिलाचं सांगतो. फाउंड्रीवाले आहेत, माणूस सज्जन. जीएसटी रिटर्नची तारीख उलटायला आली की मी फोन करतो आणि त्यांचा पहिला प्रश्न येतो, "लेट फी किती पडते?" दिवसाला पन्नास रुपये, असं सांगितलं की पलीकडून हसू येतं. "मग भरूया की!" मी ज्याला शिक्षा म्हणतो त्याला ते रेट म्हणतात. (व्याज वेगळं लागतं, पण ते ऐकायच्या आत फोन ठेवलेला असतो.) एकदा मात्र मी म्हणालो, "शेठ, सलग दोन महिने रिटर्न थकलंय, आता माल पाठवायला लागतं ते ई-वे बिल निघणार नाही. गाडी गेटवरच उभी राहील." अर्ध्या तासात त्यांचा पोरगा बिलांची फाईल घेऊन माझ्या टेबलासमोर हजर.

फुटबॉलमधलं ई-वे बिल म्हणजे गुण. पैसे मागा, क्लब देतो. गुण मागितले की वकिलांची फौज उभी करतो.

वेस्ट हॅमचं प्रकरण मला तोंडपाठ आहे. 31 ऑगस्ट 2006 रोजी, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या अगदी शेवटच्या दिवशी, लंडनच्या या क्लबने कार्लोस तेवेझ आणि हाविएर माशेरानो हे दोन अर्जेंटिनी खेळाडू आणले. त्यांचे आर्थिक हक्क बाहेरच्या कंपन्यांच्या हातात होते आणि करारातली ती बाजू क्लबने प्रीमियर लीगपासून, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या साखळी स्पर्धेपासून, दडवली. एप्रिल 2007 मध्ये क्लबने कबुली दिली. दंड झाला 55 लाख पौंड, तोवरचा विक्रम. गुण मात्र एकही कापला नाही. चौकशी आयोगाचं म्हणणं असं की, जानेवारीत गुण कापले असते तर क्लबला ते सोसलं असतं, आता कापले तर तो नक्की खालच्या विभागात जाईल (गुणतक्त्यातले तळाचे तीन क्लब तिथे ढकलले जातात). म्हणजे शिक्षा जिव्हारी लागेल, म्हणून ती द्यायची नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं होतं.

पुढचं बघा. 13 मे 2007, हंगामाचा शेवटचा दिवस. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर वेस्ट हॅम 1-0 जिंकलं आणि गोल तेवेझचाच. तिकडे शेफील्ड युनायटेड आपल्याच मैदानावर विगनकडून 1-2 हरलं. वेस्ट हॅम 41 गुणांवर वाचलं. शेफील्ड आणि विगन दोघांचे 38, आणि गोलफरकात (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) एका गोलने शेफील्ड खाली गेलं. हिशेब करायची खोड जात नाही म्हणून मी गुणतक्ता काढून बसलो. वेस्ट हॅमचा गोलफरक उणे 24, शेफील्डचा उणे 23. फक्त तीन गुण कापले असते तरी वेस्ट हॅम बुडालं असतं आणि शेफील्ड तरलं असतं. त्याच ऑगस्टपासून लीगचा नवा तीन वर्षांचा टीव्ही करार सुरू होत होता, ब्रिटनपुरताच 170 कोटी पौंडांचा. त्या पंगतीत बसायला मिळणार असेल तर 55 लाखांचं ताट कुणीही विकत घेईल. शेफील्डवाले पुढे भांडत राहिले, 2009 मध्ये वेस्ट हॅमने भरपाई द्यायची तडजोड केली. पुन्हा पैसेच.

तेव्हापासून मला एक सवय लागली. एखाद्या क्लबला शिक्षा झाल्याची बातमी आली की मी दंडाचा आकडा बघतच नाही. अपिलात काय सुटलं, ते बघतो. 2020 मध्ये मँचेस्टर सिटीला युरोपच्या स्पर्धांतून दोन वर्षं बंदी आणि 3 कोटी युरो दंड झाला. स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे गेल्यावर बंदी उडाली, दंडातले 1 कोटी राहिले. एव्हर्टन या इंग्लिश क्लबचे नोव्हेंबर 2023 मध्ये दहा गुण गेले, अपिलानंतर सहावर आले. आपल्याकडेही तेच. 20 डिसेंबर 2015 ला फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगची फायनल होती, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. घरच्या मैदानावर शेवटच्या मिनिटांपर्यंत 2-1 पुढे असलेलं गोवा 3-2 ने हरलं. आधी गोव्याचाच गोलकीपर कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल, मग चेन्नईयिनच्या मेंडोझाचा गोल. नंतर मैदानावर जो तमाशा झाला त्यात चेन्नईयिनच्या एलानोला अटक झाली आणि गोव्याने बक्षीस समारंभावर बहिष्कार टाकला. शिक्षा झाली 11 कोटी रुपये आणि पुढच्या हंगामातले 15 गुण वजा. अपिलात दंड 6 कोटींवर आला आणि ते 15 गुण पुरते माफ झाले. पुढच्या हंगामात गोवा तळाला राहिलं, 14 गुणांवर. माफी मिळाली नसती तर हंगाम उणे एकवर संपला असता!

वंशद्वेषी घोषणांबद्दलच्या दंडांवर मी फार बोलत नाही, डोकं तापतं. 2012 मध्ये पोर्तो या पोर्तुगीज क्लबच्या प्रेक्षकांनी मँचेस्टर सिटीच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना हिणवलं, त्याला 20 हजार युरो. सिटीचा संघ दुसऱ्या एका सामन्यात मध्यंतरानंतर मिनिटभराहूनही कमी उशिराने मैदानात आला, त्याला 30 हजार.

मग पैशाच्या दंडाला कुणीच भीत नाही का? भितात, ज्यांच्या खिशात नसतात ते. मार्च 2023 मध्ये केरळ ब्लास्टर्सने बंगळुरूत तिथल्या संघाच्या सुनील छेत्रीच्या फ्री किकवरून चालू सामना सोडला आणि भारतीय फुटबॉल महासंघाने 4 कोटींचा दंड लावला. तो क्लब त्यासाठी थेट स्वित्झर्लंडच्या त्याच क्रीडा लवादापर्यंत भांडायला गेला. आपल्याकडे बहुतेक क्लब मालकाच्या पदरमोडीवर चालतात, 4 कोटी तिथे टोचतात. तोच आकडा मँचेस्टरमध्ये किरकोळ खर्चात जिरेल. सगळ्यांना एकच आकडा लावणं म्हणूनच मला पटत नाही. पण गुण कापण्याचीही एक टोचणी आहे, आणि ती मला घरचीच आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी मी आमच्या पेठेतल्या संघाचा खजिनदार होतो. एका मॅचला आमच्या पोरांनी बाटल्या फेकल्या, संयोजकांनी दहा हजार दंड लावला. संध्याकाळी तालमीत मीटिंग. मी पावतीपुस्तकात कार्बन घालून बसलो, आणि वीस मिनिटांत पैसे जमले. शेवटचे दोन हजार एका दुकानदाराने अंगठ्याला थुंकी लावून मोजले आणि टाळ्या झाल्या. कुणी मान खाली घातली नाही. उलट गल्लीत रुबाब वाढला: "आमी भरला दंड!"

पुढच्या वर्षी पुन्हा बाटल्या. या वेळी संयोजकांनी संघालाच स्पर्धेबाहेर काढलं. सेंटर फॉरवर्ड खेळणारा पोरगा वर्षभर त्या स्पर्धेची वाट बघत होता. त्याने बाटलीला हातही लावलेला नव्हता. तो तालमीत यायचा बंद झाला. गल्लीत महिनाभर कुणी कुणाशी धड बोललं नाही.

एका रात्री बाटली फेकणाऱ्यांपैकीच एक माझ्या दारात आला. एकोणीस-वीस वर्षांचा. चप्पल काढून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"काका, दंड किती हाय त्यो सांगा. म्या एकटा भरतो. म्हस इकतो पायजे तर."

"या टायमाला दंडच नाही रे," मी म्हणालो.

तो तिथेच पायरीवर बसला. बायकोने आतून पाणी आणून दिलं, ते त्याने हातात धरून ठेवलं.