वेगास सोडून लाफलिनलाच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फिनिक्समधली मराठी मंडळी आणि पुण्याहून येणारे पाहुणे, सगळ्यांचा हा ठरलेला प्रश्न: लास वेगाससारखं कॅसिनोंचं जगप्रसिद्ध शहर गाडीने जाण्याच्या टप्प्यात असताना तुम्ही दोघं दर हिवाळ्यात त्या लाफलिनला काय म्हणून जाता? तिथे आहे तरी काय?

नदी आहे. माझं पहिलं उत्तर नेहमी हेच असतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं मी प्रश्न टाळतेय. पण खरंच, लाफलिन नदीवर वसलेलं आहे. नेवाडाच्या अगदी दक्षिण टोकाला, लास वेगासपासून दीडेकशे किलोमीटरवर, कोलोरॅडो नदीच्या पश्चिम काठाला जेमतेम आठ-नऊ कॅसिनो. समोरच्या काठावर अ‍ॅरिझोनातलं बुलहेड सिटी. गावची वस्ती आठ-नऊ हजारांची. फिनिक्सहून आम्ही विकेनबर्ग, किंगमन करत जातो. किंगमन सोडलं की रस्ता डोंगर चढतो, खिंड ओलांडतो आणि मग एकदम उतार लागतो. सगळीकडे तपकिरी, उघडे डोंगर आणि तळाशी ही निळी-हिरवी रेघ. इतक्या वर्षांनंतरही त्या उतारावर आम्ही गाडीतली गाणी बंद करतो.

गावाच्या जरा वर डेव्हिस धरण आहे. धरणामागच्या लेक मोहावी जलाशयाच्या तळाकडचं पाणी तिथून सुटतं, त्यामुळे नदी भर उन्हाळ्यातही गार आणि नितळ असते. विजेच्या मागणीप्रमाणे पाणी सोडतात, म्हणून दिवसभरात पातळी चढते-उतरते. काठाने फरसबंद पायवाट आहे. सकाळी त्या वाटेवर निघालं की बदकं, गळ टाकून बसलेले म्हातारे, एका कॅसिनोच्या धक्क्यावरून दुसऱ्याच्या धक्क्यावर माणसं नेणाऱ्या छोट्या बोटी, असं सगळं दिसतं. कॅसिनोत खिडकी आणि घड्याळ नसतं, अशी आपली समजूत. इथे कित्येक ठिकाणी नदीकडे मोठाल्या काचा आहेत. पत्ते हातात असताना मान वळवली की पाणी दिसतं आणि संध्याकाळ झाल्याचं कळतं. पणजीला मांडवीतल्या कॅसिनोंवर जाऊन आलेल्या माझ्या भाच्याला याचंच नवल वाटलं. तिथे जहाज नदीत, पण आत शिरल्यावर नदी विसरूनच गेलो, म्हणाला. शिवाय तिथे आत पाऊल टाकायलाच काही हजार मोजावे लागतात. लाफलिनला कुठल्याही दारातून आत जा, बसा, एक पैसा न लावता बाहेर या. कुणी हटकत नाही.

या गावाचा हा स्वभाव कुठून आला, ते डॉन लाफलिन यांच्यामुळे कळतं. मिनेसोटातल्या ओवाटोना गावचा हा माणूस. शाळेत असतानाच स्लॉट मशिनांचा, म्हणजे पैसे घालून नशीब आजमावायच्या यंत्रांचा, धंदा करायचा. मुख्याध्यापकांनी सांगितलं, एक तर हा धंदा सोड नाहीतर शाळा. त्याने शाळा सोडली. पुढे नॉर्थ लास वेगासमध्ये एक छोटा कॅसिनो चालवला, विकला, आणि १९६४ साली स्वतःच्या विमानातून नेवाडाच्या या टोकावर घिरट्या घालताना त्याला नदीकाठचं एक मोडकळीला आलेलं, फळ्या ठोकून बंद केलेलं मोटेल दिसलं. आठ खोल्या. ते त्याने घेतलं. चार खोल्यांत बायको-मुलांसह स्वतः राहायचा, उरलेल्या चार भाड्याने. डझनभर मशिनं आणि ९८ सेंटमध्ये पोटभर चिकनचं जेवण, एवढ्यावर ‘रिव्हरसाइड’ हे त्याचं कॅसिनो-हॉटेल उभं राहिलं. पोस्ट ऑफिस हवं झालं तेव्हा टपाल खात्याच्या निरीक्षकाने गावाला त्याचंच आडनाव सुचवलं.

पूल नव्हता तेव्हा गिऱ्हाइकं अ‍ॅरिझोनाच्या काठावर गाड्या लावायची आणि कॅसिनोंच्या फुकट बोटींतून नदी ओलांडायची. मग १९८७ साली डॉन लाफलिन यांनी पदरचे पस्तीस लाख डॉलर घालून पूल बांधला आणि दोन्ही राज्यांना देऊन टाकला. आता २०२४ पासून दुसरा पूलही आहे, पण आम्ही मुद्दाम जुन्यावरून जातो. हे गृहस्थ शेवटपर्यंत रिव्हरसाइडमध्ये वरच्या मजल्यावरच राहत होते. २०२३ साली, ब्याण्णव वर्षांचे होऊन गेले. मला या माणसाबद्दल आदर आहे आणि तो मी लपवत नाही. जुगाराच्या धंद्यातून मोठा झाला, हे खरं. पण ज्यांच्या जिवावर मोठा झाला त्या ट्रकवाल्यांच्या, कामगारांच्या, पेन्शनरांच्या मधोमध राहिला.

गावाचं गिऱ्हाईक आजही तेच आहे. हिवाळ्यात कॅनडातून, मिनेसोटातून, डाकोटांमधून निवृत्त जोडपी आपली चाकांवरची घरं घेऊन उतरतात आणि मार्चपर्यंत मुक्काम ठोकतात. कुणी शाळेत शिकवलेलं, कुणी शेती केलेली, कुणी खाणीत काम केलेलं. पाच-दहा डॉलरच्या टेबलावर त्यांच्या शेजारी बसलं की डावापेक्षा गप्पा जास्त होतात. पत्ते वाटणारी बाई प्रत्येकाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची चौकशी करते. वेगासच्या मुख्य रस्त्यावर पाच डॉलरच्या चिपा (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) घेऊन उभं राहिलं तर आपण कुणाच्या तरी वाटेत आलोय, असं वाटत राहतं. लाफलिनला थोडे पैसे घेऊन आलेला माणूस पाहुणाच असतो. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. नदी डोळ्यांना दिसते म्हणून ती आधी सांगते.

आता पैशांचं. मधल्या वारी, म्हणजे रविवार रात्र ते गुरुवार, इथे खोली पुष्कळदा तीस ते पन्नास डॉलरांत मिळते. वर काही ठिकाणी रोजचं वेगळं शुल्क लावतात, ते आधी विचारून घ्यावं. वेगासच्या मोठ्या हॉटेलांत नुसतं ते शुल्कच चाळीस-पन्नास डॉलर असतं. खाणं साधं आणि स्वस्त. शाकाहारी माणसाची मात्र थोडी आबाळ होते. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट बरोबर ठेवते. सकाळी खोलीच्या खिडकीशी बसून नदी बघत दशमी खायची, यात मला कसलाही कमीपणा वाटत नाही.

पण स्वस्त गाव म्हणजे कमी हरणं, असा अनेकांचा समज आहे आणि तो मोडायलाच हवा. हिशेब बघा. दहा डॉलरचं ब्लॅकजॅक, म्हणजे पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायचा खेळ, डावाला दहा डॉलर. तासाला साठेक डाव होतात, म्हणजे तासात सहाशे डॉलर टेबलावर फिरतात. कुठे थांबायचं, कुठे आणखी पत्ता मागायचा याचा तक्ता पाठ असेल, तर कॅसिनोचा वरचष्मा लावलेल्या पैशांच्या अर्ध्या ते पाऊण टक्क्याच्या आसपास राहतो. सरासरीने तासाचा खर्च तीन ते साडेचार डॉलर. अट एकच: पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दश्शी किंवा चित्र आलं तर दहाला पंधरा मिळाले पाहिजेत. पुष्कळ टेबलांवर आता दहाला बाराच देतात. टेबलावरच्या कापडावर तसं छापलेलं असतं. तिथे बसूच नका. तेवढ्या एका फरकाने कॅसिनोचा वरचष्मा साधारण १.४ टक्क्यांनी वाढतो आणि तासाला आठ डॉलर जादा जातात. वेगासच्या मुख्य रस्त्यावर कमी रकमेची टेबलं बहुतेक अशीच आहेत. लाफलिनला दहाला पंधरावालं टेबल कमी रकमेतही शोधलं तर सापडतं.

उलट ज्याला पेनी मशीन म्हणतात ते बघा. नाव पेनीचं, म्हणजे एका सेंटचं, पण एका फेरीला सहज साठ सेंट जातात. बटण दाबत राहिलं की तासाला पाचशे फेऱ्या. झाले तीनशे डॉलर. नेवाडात अशा मशिनांतून कॅसिनोकडे राहणारा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे तासाला तीस डॉलर! ‘मी काय, नुसतं पेनीवर खेळते’ म्हणणारी आजी ब्लॅकजॅकवाल्या आजोबांच्या सात ते दहा पट पैसे घालवून उठते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, आणि म्हणून माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा हिशेब कागदावर मांडून दाखवते. मशिनचाच शौक असेल तर व्हिडिओ पोकर शिका. ‘जॅक्स ऑर बेटर’ प्रकारातलं, फुल हाऊसला नऊ आणि फ्लशला सहा (ही पोकरमधल्या पत्त्यांच्या जुळण्यांची नावं) देणारं यंत्र शोधा. पूर्ण पाच नाणी लावून बिनचूक खेळलं तर त्यातून शंभरातले ९९.५४ परत येतात. यंत्राच्या पडद्यावरच तक्ता असतो, पैसे घालण्याआधी वाचायचा.

आमच्या घरात नियम आहे. दिवसाची रक्कम पाकिटात वेगळी. संपली की दोघांनी नदीवर जायचं. कार्ड खोलीच्या तिजोरीत. गाव कितीही प्रेमळ असलं तरी पहाटे चार वाजता मशिनसमोर एकटी बसलेली माणसं इथेही दिसतात, कुणाच्या नाकात ऑक्सिजनची नळी असते. महिन्याची पेन्शन पहिल्या आठवड्यात घालवणाऱ्याला कमी भाड्याची खोली वाचवत नाही. ज्याला थांबता येत नाही त्याला मी लाफलिन सुचवत नाही. आणि सिगारेटच्या धुराचा त्रास होणाऱ्यांनीही विचार करून यावं; नेवाडाच्या कॅसिनोंत अजून धूम्रपानाला मुभा आहे.

ज्यांना खेळायचंच नाही त्यांनाही मी आग्रहाने बोलावते. डोंगरापलीकडे, रूट ६६ या जुन्या महामार्गावर, ओटमन नावाचं सोन्याच्या खाणीचं जुनं गाव आहे. खाणकामगारांनी सोडून दिलेल्या गाढवांचे वंशज तिथे रस्त्यात फिरतात, गाडीच्या काचेत तोंड घालतात. आणि गावाच्या पश्चिमेला ग्रेपव्हाइन कॅनियनमध्ये खडकांवर शेकडो कोरीव आकृत्या आहेत. ही घळ ज्याच्या पायथ्याशी आहे तो डोंगर म्हणजे अवी क्वा अमे, मोहावी आणि इतर मूळनिवासी जमातींच्या श्रद्धेनुसार त्यांचं उगमस्थान, त्यांचं पवित्र स्थळ. २०२३ साली त्या सगळ्या परिसराला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. तिथे जाल तेव्हा खडकांना हात लावू नका. कॅसिनो यायच्या कितीतरी आधी ही नदी मोहावी लोकांची होती आणि आजही ते इथेच आहेत. दक्षिणेला त्यांच्याच राखीव भूमीवर १९९५ पासून त्यांचा स्वतःचा कॅसिनो चालतो.

उन्हाळ्यात मात्र येऊ नका. २९ जून १९९४ ला इथे १२५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे जवळजवळ ५२ सेल्सिअस नोंदलं गेलं, नेवाडा राज्याचा तो विक्रम आहे. नोव्हेंबर ते मार्च हवा छान असते, संध्याकाळी एक शाल पुरते. त्या दिवसांत अ‍ॅरिझोनाचं घड्याळ नेवाडाच्या एक तास पुढे असतं आणि काठावर मोबाइल समोरच्या मनोऱ्याची वेळ पकडतो, तेव्हा मनगटी घड्याळ लावून या. यंदा आम्ही जानेवारीत जाणार आहोत, सोमवारी निघून गुरुवारी परत. यायचं असेल तर दिवाळीपर्यंत कळवा, म्हणजे नदीकडच्या खोल्या मिळतील. रस्त्याकडच्या थोड्या स्वस्त असतात, पण त्या घेऊ नका.