दोन सह्यांच्या मधला किरणोत्सर्गी स्रोत

सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचं गाळप मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतं आणि ऑफ सीझनची कामं निघतात. बॉयलरच्या ट्यूब बदलल्या जातात, हेडरवर नवे जॉइंट पडतात आणि त्या वेल्डिंगचे एक्स्पोजर, म्हणजे किरणांनी आरपार फोटो, घ्यायला पुण्या-मुंबईकडच्या एनडीटी (न तोडता तपासणी करणाऱ्या) एजन्सीची गाडी येते. गाडीत एक जड कॅमेरा, म्हणजे स्रोत ठेवायची कवचबंद पेटी, असतो आणि त्यात इरिडियम-192 हा किरणोत्सर्गी स्रोत. अणुपदार्थ म्हटलं की आपल्याकडे तारापूर, कैगा आठवतं. पण तो अकलूज-बार्शीच्या रस्त्यांवरूनही फिरतो. कर्करोग रुग्णालयात ब्रॅकीथेरपीचा, म्हणजे शरीराच्या आत नेऊन उपचार करायचा, स्रोत असतो. सिमेंट आणि वीज प्रकल्पांत हॉपरमधल्या मालाची पातळी मोजणाऱ्या गेजमध्ये सिझियम-137 असू शकतं.

हे स्रोत प्रत्यक्ष कामात असताना सहसा हरवत नाहीत, कारण तेव्हा त्यांच्यावर कुणाचं तरी लक्ष असतं. ते हरवतात एका हातातून दुसऱ्या हातात जाताना: एजन्सीकडून कारखान्याकडे, कुरिअरकडून रुग्णालयाकडे, निवृत्त होणाऱ्याकडून नव्या माणसाकडे, स्टोअरकडून लिलावाकडे. म्हणून सुरक्षेचा निम्मा भाग कुलूप-सीसीटीव्हीचा असला तरी उरलेला निम्मा माणसामाणसांतल्या ओळखीचा आणि नोंदींचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

दिल्लीतलं मायापुरीचं प्रकरण याच जातीचं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं कोबाल्ट-60 असलेलं गॅमा इरॅडिएटर, म्हणजे नमुन्यांवर किरणं सोडायचं यंत्र, 1985 च्या सुमारास वापरातून गेलं आणि 2010 च्या फेब्रुवारीत लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य (तीव्रता निम्मी व्हायचा काळ) 5.27 वर्षं. म्हणजे पंचवीस वर्षांत त्याची तीव्रता साधारण सत्ताविसाव्या भागावर आली होती. तरीही त्या भंगार बाजारात एकाचा जीव गेला आणि अनेकजण गंभीर आजारी पडले. तिथे चोरी झाली नव्हती की कुलूप फुटलं नव्हतं. यंत्र काय आहे हे माहीत असलेली माणसं आणि लिलावाच्या कागदावर सही करणारी माणसं यांच्यात संवादच उरला नव्हता.

आता रेडिओग्राफी कॅमेऱ्याकडे जवळून पाहू, कारण त्यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्रोत म्हणजे इरिडियमच्या काही चकत्या असलेली, बोटाच्या पेरापेक्षा लहान वेल्ड केलेली कॅप्सूल. ती एका लवचीक पिगटेलच्या, म्हणजे केबलच्या छोट्या तुकड्याच्या, टोकाला असते. भोवतीचं कवच बऱ्याच मॉडेलमध्ये शिशाचं नसून डिप्लिटेड युरेनियमचं, म्हणजे इंधनाला उपयोगी भाग काढून घेतल्यावर उरलेल्या युरेनियमचं, असतं. शिशाची घनता 11.3, युरेनियमची 19 च्या आसपास, त्यामुळे तेवढ्याच आकारात जास्त किरणं अडतात. सर्रास वापरात असलेल्या एका प्रकारच्या कॅमेऱ्याचं वजन 23 किलोच्या घरात असतं आणि त्यातलं 15-16 किलो युरेनियमच असतं. इरिडियमचं अर्धायुष्य 74 दिवस, पण कवचातल्या युरेनियमचं साडेचार अब्ज वर्षं. स्रोत पुरवठादाराकडे परत गेला की कॅमेरा ‘रिकामा’ झाला असं लोक समजतात आणि तो रॅकच्या तळाशी जातो. तो रिकामा नसतो. काटेकोर अर्थाने अणुसामग्री म्हणजे तेच युरेनियम, आणि इरिडियम गेलं तरी त्याचा हिशोब संपत नाही. उद्या भंगारवाल्याने जड धातू मिळाला म्हणून त्यावर ग्राइंडर चालवला, तर युरेनियमचा बारीक चुरा हवेत पेट घेतो आणि धूळ फुप्फुसात जाते. म्हणून रजिस्टरमध्ये दोन नोंदी हव्यात: एक स्रोताची, एक कॅमेऱ्याच्या अनुक्रमांकाची. दुसरी नोंद पुरवठादाराची पोच आणि एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक परिषदेची, परवानगी हातात आल्याशिवाय बंद करायची नाही.

ऑफ सीझनच्या रात्रीच्या कामात किमान तीन बाजू असतात: कारखान्याचा बॉयलर विभाग, वेल्डिंगचा ठेकेदार आणि रेडिओग्राफीची एजन्सी. तिघांचे साहेब वेगळे, घाई मात्र सारखीच. आकडेमोड एकदा करून पाहा. क्युरी हे स्रोताच्या ताकदीचं माप, रॉन्टजेन आणि मिलिसिव्हर्ट ही मिळणाऱ्या मात्रेची; एक रॉन्टजेन म्हणजे ढोबळमानाने 10 मिलिसिव्हर्ट. इरिडियम-192 चा एक क्युरीचा स्रोत एक मीटरवर ताशी अर्ध्या रॉन्टजेनच्या जवळपास मात्रा देतो. स्रोत 20 क्युरीचा असेल तर एक मीटरवर ताशी सुमारे 100 मिलिसिव्हर्ट. सर्वसामान्य माणसाची वर्षाची मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट आहे, म्हणजे ती छत्तीस सेकंदांत संपली. मात्रा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. लोकांना अडवायला लावलेल्या दोरीच्या रेषेवर ताशी 10 मायक्रोसिव्हर्ट (मिलिसिव्हर्टचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोसिव्हर्ट) हवे असतील आणि कोलिमेटर, म्हणजे किरणं एकाच दिशेला सोडणारा आडोसा, लावलेला नसेल, तर दोरी 100 मीटरवर जाते. किरणं सोळा पटींनी अडवणारा टंगस्टनचा कोलिमेटर लावला तर त्याच्या मागच्या-बाजूच्या दिशांना 25 मीटर पुरतात. बीमच्या दिशेला मात्र मोकळं सोडून चालत नाही.

आता बॉयलर हाउसमध्ये 100 मीटर म्हणजे काय? टर्बाइनचा मजला, बगॅसचा पट्टा, कधी कधी कँटीनसुद्धा. शिवाय हे अंतर वर आणि खालीही मोजायचं असतं. उन्हाळ्यात वरच्या प्लॅटफॉर्मवर वारा लागतो म्हणून फिटर तिथेच पथारी टाकतात, आणि जमिनीवर लावलेली दोरी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून परमिटवर तिघांच्या सह्या होण्याआधी तिघांनी मिळून सगळे मजले पायी फिरायचे, ठेकेदाराने हजेरीपटावरून माणसं मोजायची आणि सिक्युरिटी सुपरवायझरने जिन्यांच्या तोंडाशी माणूस उभा करायचा. नुसतं ‘एरिया क्लियर’ लिहून सही करणं ही मला या कामातली सगळ्यात घातक सवय वाटते.

एक्स्पोजरसाठी क्रँक फिरवून ड्राइव्ह केबलने स्रोत कॅमेऱ्याबाहेरच्या गाइड ट्यूबमध्ये ढकलतात आणि एक्स्पोजर संपल्यावर क्रँक उलटा फिरवून तो आत घेतात. इथे नेमकं काय बिघडतं ते सांगतो. पिगटेल आणि ड्राइव्ह केबल जोडणारा कनेक्टर झिजलेला असेल किंवा नीट बसलेला नसेल, तर केबल एकटीच परत येते आणि कॅप्सूल गाइड ट्यूबमध्ये राहते. क्रँकचे फेरे बरोबर भरतात, हाताला काहीच वेगळं जाणवत नाही. दुसरं कारण म्हणजे ट्यूबवर पाइप पडून आलेला पोचा, ज्यात कॅप्सूल अडकते. स्रोत आत आला की नाही याची खात्री किरणं मोजणाऱ्या सर्व्हे मीटरनेच होते. दर एक्स्पोजरनंतर मीटर चालू ठेवूनच पुढे जायचं, ट्यूबच्या पूर्ण लांबीवर आणि कॅमेऱ्याच्या बाजूंना फिरवायचा, आणि सकाळी स्टोअरमधून काढताना लिहिलेल्या आकड्याशी आताचा आकडा ताडायचा. आकडा जास्त आला तर ट्यूबला हात लावायचा नाही. मागे यायचं, दोरी वाढवायची, पहारा ठेवायचा आणि रेडिऑलॉजिकल सेफ्टी ऑफिसरला, म्हणजे आरएसओला, फोन करायचा. लांब चिमटा आणि शिशाच्या छर्‍यांच्या पिशव्या साइटवर असायलाच हव्यात, पण त्या कधी आणि कशा वापरायच्या हे आरएसओ ठरवतो, सुपरवायझर नाही. पेरूमधल्या यानांगोच्या जलविद्युत प्रकल्पावर 1999 साली सुटलेला 37 क्युरीचा इरिडियम स्रोत एका वेल्डरने उचलून पँटच्या खिशात टाकला. त्याचा पाय कापावा लागला. त्या वेल्डरला ती वस्तू काय आहे हे कुणीच सांगितलेलं नव्हतं.

रुग्णालयातलं चक्र वेगळं असतं. एचडीआर (जास्त मात्रेच्या) ब्रॅकीथेरपीचा स्रोत साधारण 10 क्युरीचा, तोही इरिडियमचा. 74 दिवसांनी तो 5 क्युरी होतो, रुग्णाला टेबलावर दुप्पट वेळ झोपावं लागतं, म्हणून तीन-चार महिन्यांनी बदलतात. म्हणजे वर्षातून तीन-चार वेळा नवा येतो, जुना जातो. एईआरबीच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर खरेदीची परवानगी, आल्याची नोंद आणि परत पाठवण्याची परवानगी ही साखळी ठरलेली आहे. कागद चोख असतात. गडबड होते ती शनिवारी संध्याकाळी पोचणाऱ्या पार्सलने. स्रोत सांभाळणारा मेडिकल फिजिसिस्ट गावात नाही, कुरिअरवाल्याला पुढे जायचंय, आणि पेटी रिसेप्शनच्या टेबलाखाली जाते. यावर उपाय साधा आहे. पाठवणाऱ्याशी आधीच ठरवायचं की आरएसओ किंवा लेखी नेमलेला दुसरा माणूस हजर असल्याशिवाय पेटी उतरवायची नाही. उतरवताना प्रमाणपत्रावरचा अनुक्रमांक आणि पेटीवरचा अनुक्रमांक दोघांनी मोठ्याने वाचायचा. लेबल बघायचं: पिवळं-तीन (किरणोत्सर्गी पार्सलांच्या लेबलांतला सगळ्यात वरचा वर्ग) असेल तर पृष्ठभागावर ताशी 2 मिलिसिव्हर्टपर्यंत आणि ट्रान्सपोर्ट इंडेक्स 10 पर्यंत चालतो. इंडेक्स म्हणजे एक मीटरवरचे ताशी मिलिसिव्हर्ट गुणिले 100. लेबलवर 0.8 लिहिलंय आणि मीटर एक मीटरवर ताशी 30 मायक्रोसिव्हर्ट दाखवतोय, म्हणजे इंडेक्स 3 येतो. अशी पेटी आत घेण्याआधी पाठवणाऱ्याला फोन झालाच पाहिजे.

सोलापूरसारख्या शहरात मेडिकल फिजिसिस्ट मोजकेच. म्हणूनच त्यांनी एकमेकांचे पर्यायी माणूस म्हणून लेखी नाव द्यावं, असं मला मनापासून वाटतं. वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांची अखिल भारतीय संघटना 1976 पासून आहे. अणुसामग्रीच्या व्यवस्थापनासाठी अमेरिकेत 1958 साली स्थापन झालेली व्यावसायिक संस्था आहे, व्हिएन्नात 2008 पासून अणुसुरक्षेची जागतिक संस्था आहे, हरियाणात बहादूरगडजवळ भारत सरकारचं प्रशिक्षण केंद्र आहे. या सगळ्यांच्या मुळाशी एकच विचार आहे: एकाकडे घडलेली चूक दुसऱ्याने पुन्हा करायची गरज पडू नये. जिल्ह्याच्या पातळीवर मात्र एनडीटीवाले, रुग्णालयवाले आणि कारखान्यांचे सेफ्टी ऑफिसर एका टेबलावर क्वचितच बसतात.

बसतील तेव्हा काय बोलायचं आणि काय नाही, हेही ठरवावं लागतं. कनेक्टर झिजला, मीटरची बॅटरी दगा देत होती, ठेकेदाराने माणसं मोजली नव्हती, हे मोकळेपणाने सांगायचं. स्टोअर कुठे आहे, चावी कुणाकडे असते, स्रोत कोणत्या दिवशी कोणत्या रस्त्याने येणार, हे फक्त ज्याला कामासाठी हवं त्यालाच. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर स्टोअरचा फोटो किंवा गाडीचा नंबर टाकणं पूर्ण बंद हवं. दारावर किरणोत्सर्गाच्या इशाऱ्याचं त्रिपर्ण चिन्ह लावायचंच, कारण आग विझवायला आलेल्या माणसाला ते दिसलं पाहिजे. आतला नकाशा मात्र अग्निशमन केंद्राच्या अधिकाऱ्याकडे पाकिटात बंद.

पोलीस आणि अग्निशमन दलाशी ओळख आधी करून ठेवायची आणखी एक गरज आहे. पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्ग आपल्या दारातून जातो. पिवळ्या-तीन लेबलची गाडी उलटली तर पहिली तुकडी स्थानिक ठाण्याची असणार. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ आहे, म्हणजे तिला यायला काही तास लागणारच. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शनात सुरुवातीची अंतरं दिली आहेत: स्रोत उघडा पडला असल्याची किंवा कवच फुटल्याची शक्यता असेल तर भोवती 30 मीटर, पदार्थ मोठ्या प्रमाणात सांडला असेल तर 100, आग किंवा स्फोट असेल तर 300. मीटर आला की ताशी 100 मायक्रोसिव्हर्टची रेषा शोधून आतला घेरा नक्की करायचा. जखमींना बाहेर काढायला कशाचीही वाट पाहायची नाही. किरणोत्सर्गाच्या भीतीने रक्तस्राव थांबवायला उशीर झाला तर माणूस त्या उशिरानेच मरतो. स्रोत हरवला असेल तर एईआरबीला 24 तासांत कळवायचं आणि पोलिसांना लगेच. ‘आधी आपणच शोधू’ म्हणत घालवलेले तास नेमके भंगाराच्या गाडीला मिळतात.

इशाऱ्याच्या पाट्या मराठी-इंग्रजीत असतात. आपल्या शहरात तेलुगू, कन्नड आणि हिंदी-उर्दू बोलणारी घरं किती आहेत हे वेगळं सांगायला नको, आणि भंगार वेचणारा बऱ्याचदा वाचतच नाही. 2007 साली लाल रंगाचं नवं चिन्ह आलं: वरून येणाऱ्या लहरी, कवटी आणि पळणारा माणूस. ते मोठ्या स्रोतांच्या यंत्रावर, उघडू पाहणाऱ्याला दिसेल अशा जागी लावायचं असतं. या चिन्हाचं चित्र भंगार व्यापाऱ्यांच्या संघटनेमार्फत प्रत्येक वजनकाट्याजवळ लावता येईल. खर्च फक्त छपाईचा.

शेवटचा टप्पा फाउंड्रीचा. आपल्या एमआयडीसीत ओतकाम चालतं आणि भट्टीत भंगार जातं. 2008 साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 सापडलं, आणि त्याचं पोलाद भारतातून गेलं होतं. स्रोत एकदा वितळला की धातू, स्लॅग आणि फिल्टरची धूळ, सगळंच दूषित होतं. गेटवर किरणं ओळखणारा मॉनिटर असेल आणि तो वाजला, तर साहजिक प्रतिक्रिया असते ‘ट्रक परत घेऊन जा’. तसं कधीच करू नये. परत गेलेला ट्रक पुढच्या गावी मॉनिटर नसलेल्या भट्टीत रिकामा होतो. ट्रक बाजूला उभा करायचा, ड्रायव्हरला केबिनमधून उतरवून लांब बसवायचं, पावती आणि माल कुठून आला ते लिहून घ्यायचं, माल उपसायचा नाही, आणि एईआरबी व जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या नियंत्रण कक्षाला कळवायचं. जवळच्या आरएसओचा नंबर गेटच्या केबिनमध्ये भिंतीवर चिकटवलेला असावा आणि तो दर ऑफ सीझनला एकदा लावून पाहावा.